पाळणाघरे व त्यांचे नियमन (नांदेड–लातूर परिसर)

आईवडील कामात किंवा अन्य व्यवहारात गुंतलेले असताना सहा वर्षांखालील मुलांचा ठराविक काळापुरता सांभाळ जेथे केला जातो, त्या जागेस पाळणाघर असे म्हणतात. अनाथालय, बालगृह किंवा वसतिगृह यांहून ते भिन्न आहे. कारण येथे मूल दिवसाअखेरीस, अनेकदा तासा-दोन तासांतच, आपल्या घरी परतते. बालवाडीहूनही ते भिन्न आहे. बालवाडीचा मुख्य हेतू शिक्षण असून सांभाळ हा तिचा आनुषंगिक लाभ होय. पाळणाघरात हे प्रमाण उलट असते. पाळणाघरांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात : मालकाने आपल्या कामगारांच्या मुलांसाठी चालविलेली, शासन वा स्वयंसेवी संस्थांनी गरजू कुटुंबांसाठी चालविलेली आणि शुल्क घेऊन खाजगी रीत्या चालविलेली. अलीकडे यांत चौथ्याची भर पडली आहे. मोठी वस्त्रदालने, विक्रीसंकुले आणि व्यायामशाळा यांतून ग्राहकांच्या मुलांना घटका-दोन घटका ठेवून घेण्याची सोय केलेली आढळते. तिला अद्याप मराठीत स्थिर नावही मिळालेले नाही. ‘मुलांचा कोपरा’, ‘खेळघर’ किंवा इंग्रजीवरून आलेला ‘प्ले झोन’ अशी नावे रूढ आहेत. नांदेड व लातूर या मराठवाड्यातील दोन जिल्ह्यांच्या अनुषंगाने पाळणाघरांचा व त्यांविषयीच्या कायद्यांचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

पूर्वपीठिका : संस्था या नात्याने पाळणाघर ही औद्योगिक क्रांतीची निष्पत्ती होय. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओएन याने १८१६ मध्ये गिरणी-कामगारांच्या लहान मुलांसाठी शाळा उघडली. फिर्मां मार्बो याने १८४४ मध्ये पॅरिसमध्ये मजूर स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी ‘क्रेश’ ही संस्था सुरू केली. क्रेश या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण. हाच शब्द पुढे इंग्रजीतून भारतीय कायद्यात आला व मराठी अनुवादकांनी त्यास पाळणाघर हा सुटसुटीत पर्याय दिला. गव्हाणीच्या जागी पाळणा आला, हा बदल मराठी घराला साजेसाच म्हटला पाहिजे.

मराठवाड्यातील शेतमजूर व कारागीर स्त्रियांना ही संस्था ठाऊक नसली, तरी तिची गरज मात्र पूर्वापार होती. बांधावरच्या बाभळीला किंवा लिंबाला लुगड्याची झोळी बांधून तीत मूल निजवावयाचे व थोरल्या मुलीने झोके द्यावयाचे, ही रीत सर्वत्र दिसते. ती मुलगी स्वतः सहा-सात वर्षांची असे. तिची शाळा बुडणे हा या व्यवस्थेचा खरा खर्च होता आणि तो कोणाच्याही हिशेबात धरला जात नसे. गिरण्या असलेल्या शहरांत याहून घातक उपाय रूढ होता. कामाच्या पाळीभर मूल झोपून राहावे म्हणून त्यास अफूचा अंश असलेली ‘बाळगोळी’ देत. मुंबईतील गिरणी-कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी १९२०–३० या दशकात झाली, तेव्हा या प्रथेकडे अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले गेले. शाही श्रम आयोगाने (१९२९–३१) मोठ्या संख्येने स्त्रिया काम करीत असतील अशा कारखान्यांत पाळणाघरे असावीत, असे सुचविले. त्यास अनुसरून १९३४ च्या कारखाने अधिनियमाने प्रांतिक सरकारांना तसे नियम करण्याचा अधिकार दिला. पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांपुरता तो होता आणि बंधन नव्हे, तर केवळ अधिकार होता.

हैदराबाद संस्थान : नांदेड व लातूर हे दोन्ही प्रदेश त्या काळी निजामाच्या राज्यात होते. लातूर हे उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील एक व्यापारी शहर होते. स्वतंत्र लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये निर्माण झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे संस्थानास आपोआप लागू होत नसत. शाही श्रम आयोगाची कक्षाही ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. संस्थानाने फसली सन १३३७ (इ. स. १९२७–२८) मध्ये आपला स्वतंत्र कारखाना कायदा केला. नांदेड येथील उस्मानशाही कापड गिरणी ही या भागातील पहिली मोठी गिरणी १९२०–३० च्या दशकात उभी राहिली. त्याखेरीज नांदेड, उमरी, भोकर, धर्माबाद इ. ठिकाणी कापसातील सरकी वेगळी करण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने होते. कापूस वेचून निवडणे व तो रेच्यांपर्यंत वाहणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियाच करीत. हे कारखाने हंगामी असल्यामुळे वर्षातून चार-पाच महिने चालत. हंगामी कामगार स्त्री ही पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात येईलच असे नाही. तिच्या मुलासाठी पक्की खोली बांधण्यास मालकाला निमित्तही उरत नसे. पाळणाघरांच्या इतिहासात हा हंगामीपणा वारंवार आडवा येतो. दुष्काळी कामे, ऊसतोड, इमारतींची बांधकामे यांबाबतीतही पुढे हेच घडले.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतीय संघराज्यात आले व केंद्रीय कामगार कायद्यांचा मार्ग मोकळा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. या सर्व बदलांत दुकानदारीच्या क्षेत्रासाठी हैदराबादचा १९५१ चा दुकाने व संस्था कायदा आणि मुंबईचा १९४८ चा तत्सम अधिनियम यांचा संबंध आला. त्या पिढीच्या दुकानविषयक कायद्यांचा भर कामाचे तास, साप्ताहिक सुटी व बालकामगारांस मनाई यांवर होता. दुकानात काम करणारी स्त्री ही तेव्हा कायदेकर्त्यांच्या नजरेसमोर फारशी नव्हती. गल्ल्यावरच्या मालकाचे मूल गादीवरच खेळे आणि ग्राहक बाईचे मूल तिच्या कडेवर असे.

कारखाने अधिनियम, १९४८ : स्वतंत्र भारतातील पाळणाघरविषयक कायद्याचा पाया या अधिनियमाच्या ४८ व्या कलमाने घातला. पन्नासाहून अधिक स्त्रिया नेहमी कामास असलेल्या प्रत्येक कारखान्यात त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली वा खोल्या ठेवणे बंधनकारक झाले. खोली पुरेशी मोठी, उजेडाची, हवेशीर व स्वच्छ असावी आणि मुलांच्या संगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली असावी, असे कलमातच म्हटले होते. मुलांना मोफत दूध किंवा अल्पोपाहार देणे, त्यांचे कपडे धुण्याची व बदलण्याची सोय करणे, तसेच मातांना ठराविक अंतराने अंगावर पाजण्यास येऊ देणे यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना होता. नमुना नियमांत प्रत्येक मुलामागे वीस चौरस फूट जागा धरलेली होती. १९७६ च्या दुरुस्तीने पन्नास ही संख्या तीसवर आणली. मळ्यांसाठी १९५१, खाणींसाठी १९५२, विडी व सिगार कामगारांसाठी १९६६, कंत्राटी कामगारांसाठी १९७०, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ व इमारत बांधकाम कामगारांसाठी १९९६ असे स्वतंत्र अधिनियम झाले व त्यांत किंवा त्यांखालील नियमांत पाळणाघराची तरतूद आली. कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांत वीस स्त्रियांमागे दोन खोल्या, एक खेळण्याची व एक निजण्याची, असा तपशील होता.

या बहुतेक कायद्यांची घडण एकच होती. मुलाची संख्या त्यांत सहसा मोजली जात नसे. मोजली जाई ती आईची. ती किती जणींसह कामास आहे, यावर तिच्या मुलाला छप्पर मिळेल की नाही हे ठरत असे. परिणामी मालकाच्या दृष्टीने एकतिसावी कामगार स्त्री ही एका खोलीच्या व एका दाईच्या खर्चाइतकी महाग ठरे आणि एकोणतीस किंवा तीस स्त्रियांवर थांबणे सोयीचे होई. ही टीका नवी नाही. शिवाय देखरेखीचा अधिकार कारखाना निरीक्षकास होता व त्याचे शिक्षण यंत्रे, बाष्पके आणि धोके यांविषयीचे असे. पाळण्यात मूल आहे की हजेरीच्या वह्या, एवढेच तो पाहू शके.

लातूर हे डाळी व तेलबियांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. येथील डाळ गिरण्यांत निवडणे, पाखडणे व पोती शिवणे या कामांवर स्त्रिया असतात. बहुतेक गिरण्या आकाराने लहान असून एका गिरणीत तीसहून अधिक स्त्रिया असणे हा अपवाद होय. त्यामुळे शहरात या धंद्यातील स्त्रिया एकूण कितीही असल्या, तरी कायद्याच्या लेखी त्या विखुरलेल्याच राहिल्या. विडी-कामगारांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६६ च्या अधिनियमातील पाळणाघर हे विडी कारखान्याच्या जागेशी बांधलेले होते. सोलापूर शहरात आणि नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात विड्या वळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर घरी दिले जाते. तंबाखूची सुपली व रांगते मूल एकाच खोलीत, अशी स्थिती कायदा होऊनही पालटली नाही. नांदेडची उस्मानशाही गिरणी पुढे सार्वजनिक क्षेत्राकडे आली व नंतर कायमची थांबली. कायद्याला अभिप्रेत असलेला मोठा कारखाना या जिल्ह्यांतून हळूहळू मागे पडला.

दुष्काळी कामे व रोजगार हमी : या भागात पाळणाघराचा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो कारखान्यात नव्हे, तर दुष्काळी कामांवर. १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ ५० लक्ष लोक शासकीय कामांवर होते. मराठवाड्याचा त्यांत मोठा वाटा होता. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध व रस्ते या कामांवर स्त्रिया मुलांसह येत. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेचे १९७७ मध्ये अधिनियमात रूपांतर झाले व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार व लहान मुलांच्या सांभाळाची सोय अपेक्षित होती. येथे प्रथमच खोली व भिंती यांऐवजी माणूस हा पाळणाघराचा गाभा मानला गेला : कामावरीलच एका स्त्रीकडे मुले सोपवावयाची व तिला इतरांइतकी मजुरी द्यावयाची. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने (२००५) हीच कल्पना पुढे नेली. एका कामावर पाच किंवा अधिक मुले सहा वर्षांखालील असल्यास त्यांच्यासाठी एक स्त्री नेमावी व तिला मजुरीच्या दराने वेतन द्यावे, असे त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नमूद केले होते.

या तरतुदीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेले नाही. मोजणीची पद्धत तिने उलटी केली. आया किती यापेक्षा मुले किती हे तीत विचारले गेले आणि उंबरठा पाचावर आला. अंमलबजावणी मात्र दुबळी राहिली. सावलीसाठी आणलेले कापड मस्टर-कारकुनाच्या टेबलावर व मुले मातीच्या ढिगाऱ्याजवळ, हे चित्र मराठवाड्यातील कामे पाहिलेल्यांना अपरिचित नाही. पाच मुलांमागे एक मजूर कमी झाल्याने टोळीचे मोजमाप घटते व सर्वांचीच मजुरी कमी भरेल, ही धास्ती बायकांनाही असे. कारण मजुरी खणलेल्या मातीवर ठरत असे. सांभाळणाऱ्या स्त्रीचे वेतन वेगळे धरावयाचे होते, हे अनेक ठिकाणी त्यांना सांगितलेच गेले नाही.

ऊसतोडणीसाठी दोन्ही जिल्ह्यांतून, विशेषतः त्यांच्या कोरडवाहू तालुक्यांतून, जोडपी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक ही त्यांची जुनी ठिकाणे असून मांजरा खोऱ्यात साखर कारखाने उभे राहिल्यावर काही टोळ्या जिल्ह्यातच राहू लागल्या. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मजुरीचा करार मुकादमाशी, उचल मुकादमाकडून व ऊस कारखान्याचा, अशी ही त्रिस्थळी असल्याने मालक कोण हा प्रश्नच अनुत्तरित राहतो. मालक ठरत नाही तोवर त्याच्यावर पाळणाघराचे बंधन कसे घालणार? साखरशाळांनी शाळेच्या वयाच्या मुलांची काही सोय केली. तान्ही मुले मात्र पहाटे फडाच्या कडेला, पाचटाच्या बिछान्यावर, येत राहिली. ऊस वाहणाऱ्या गाड्या व ट्रॅक्टर यांच्या वाटेवरच ही जागा असते.

शासकीय व स्वयंसेवी प्रयत्न : महाराष्ट्रात बालशिक्षणाची परंपरा समृद्ध आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी बोर्डी व नंतर कोसबाड येथे केलेल्या प्रयोगांतून अंगणवाडी ही कल्पना पुढे आली. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकाच छताखाली होते. त्यांतील पहिला दुवा पुढील सरकारी योजनांत बहुतांशी गळाला, हे नमूद करावयास हवे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीतील बांधकामाच्या जागी फिरती पाळणाघरे सुरू केली व १९७२ मध्ये ती मुंबईत आली. मराठवाड्यापर्यंत हा प्रयोग त्या प्रमाणावर पोहोचला नाही. केंद्र शासनाने १९७५ मध्ये नोकरदार व आजारी मातांच्या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना आखली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी गावोगाव पोहोचली, पण तिच्यात तीन वर्षांखालील मूल बसत नाही व ती दुपारपर्यंत मिटते. मजुराचा दिवस सायंकाळी संपतो. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या ‘श्रमशक्ती’ या अहवालाने (१९८८) असंघटित स्त्रियांच्या मुलांच्या सांभाळाची निकड ठामपणे मांडली. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी व २००६ मध्ये राजीव गांधींच्या नावाची राष्ट्रीय योजना आली. २०१७ पासून ती राज्यांमार्फत चालविण्यात आली आणि २०२२ मध्ये ‘पालना’ या नावाने मिशन शक्तीत समाविष्ट झाली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडून देशभर अशी १७,००० केंद्रे काढण्याचे तीत योजिले होते.

दुकाने, विक्रीसंकुले व व्यायामशाळा : नांदेड–वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये व लातूर महानगरपालिका २०११ मध्ये स्थापन झाली. या काळात दोन्ही शहरांत शिक्षिका, परिचारिका, बँक-कर्मचारी व खाजगी नोकऱ्या करणाऱ्या स्त्रियांचा वर्ग वाढला आणि राहत्या घरात दहा-पंधरा मुले सांभाळणारी खाजगी पाळणाघरे वसाहतींतून निघाली. ती चालविणाऱ्या बहुधा शेजारच्याच प्रौढ स्त्रिया असतात. ओळख हाच येथे परवाना होय आणि बहुतेक ठिकाणी तो पुरेसाही ठरला आहे. मात्र शहर वाढले की ओळख पातळ होते.

मातृत्वलाभ अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेस ठराविक अंतरात पाळणाघर देणे आवश्यक केले व आईस दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. येथे पन्नास म्हणजे स्त्रिया नव्हेत, तर स्त्री-पुरुष मिळून. जुना दोष या एका शब्दाने बराचसा दूर झाला. त्याच वर्षी १९ डिसेंबरपासून महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना अधिनियम अंमलात आला. दुकानांविषयीच्या राज्याच्या कायद्यात पन्नास कामगारांमागे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली अशी तरतूद त्यात आली. एक किलोमीटर त्रिज्येतील आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर काढावयाचे ठरविल्यास तशी परवानगी देण्याची सोयही त्यात केली गेली.

लातूरच्या गंजगोलाईचा विचार केल्यास या सोयीची शक्ती व मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. सोळा रस्ते जेथे मिळतात, त्या वर्तुळाकार पेठेच्या मध्यातून एक किलोमीटरची त्रिज्या काढली, तर जुन्या लातूरची जवळजवळ सारी बाजारपेठ तीत येते. कापड, भांडी, सराफी, किराणा अशा शेकडो दुकानांतून हजारो माणसे तेथे राबतात. परंतु पन्नास कामगार असलेले दुकान विरळा. बंधन ज्याच्यावर आहे असा दुकानदार नाही आणि ज्यांना एकत्र येता येईल त्यांच्यावर बंधन नाही. नांदेडच्या वजिराबाद भागातील दुकानांचीही हीच स्थिती आहे. आधुनिक विक्रीसंकुलात गाळे वेगवेगळ्या मालकांचे असल्याने इमारतीत दोनशे कर्मचारी असले, तरी कायद्याला दहा-दहा, पंधरा-पंधरांच्या तुकड्या दिसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने व तिच्या जोडीच्या संहितांनी जुने कारखानेविषयक व मातृत्वलाभविषयक अधिनियम मागे सारले. त्यांतही पन्नासाचाच उंबरठा राहिला. शासन, नगरपालिका, खाजगी वा स्वयंसेवी संस्था यांचे सामाईक पाळणाघर वापरण्याची मुभा संहितेने दिली आहे. पस्तीस स्त्रिया व आठ पुरुष असलेली डाळ गिरणी १९७६ च्या दुरुस्तीनुसार बंधनात येत होती. नव्या मोजणीत ती बाहेर पडते.

हे सर्व कामगारांच्या मुलांविषयी झाले. ग्राहकाच्या मुलाचा विचार यांपैकी एकाही कायद्यात नाही. वस्त्रदालनात लग्नाचा बस्ता बांधताना तीन-चार तास जातात. त्या वेळात मुले खालच्या मजल्यावरील खेळण्याच्या कोपऱ्यात सोडली जातात. स्त्रियांसाठी वेगळ्या वेळा ठेवणाऱ्या व्यायामशाळांतही एखादी खोली व एखादी मुलगी या कामासाठी ठेवलेली असते. मालकाच्या मते ही सेवा नसून सौजन्य आहे. आईच्या मते मूल कोणाच्या तरी ताब्यात आहे. अपघात किंवा गैरप्रकार घडल्यास हा मतभेद एकाएकी निर्णायक होतो. अशा जागेस आज तीन कायदे कडेने स्पर्श करतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने (२००६) इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर आग-प्रतिबंधक साधने सुस्थितीत ठेवून दर सहामाहीस प्रमाणपत्र देण्याचे दायित्व टाकले आहे. सार्वजनिक करमणुकीच्या जागांविषयी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली नियम करता येतात. दुकान म्हणून नोंदणी वा सूचना दिलेली असते. तिन्हींचा रोख इमारत, करमणूक व व्यापार यांवर आहे. मूल कोणी, किती जणांमागे किती, व कोणाच्या हाती परत द्यावयाचे, याविषयी ते मूक आहेत. २५ मे २०२४ रोजी गुजरातमधील राजकोट येथे एका खेळक्षेत्राला आग लागून लहान मुलांसह पंचविसाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर देशभर अशा जागांची तपासणी झाली, परंतु ती मुख्यतः आगीच्या दृष्टीने.

अपाय घडल्यानंतरचा कायदा मात्र कडक आहे. बाल न्याय अधिनियमाच्या (२०१५) ७५ व्या कलमानुसार ताब्यातील मुलास मारहाण, हेळसांड वा क्रूरता करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत आणि मुलांच्या सांभाळाचे काम सोपविलेल्या संस्थेतील व्यक्तीस पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीस मारहाण झाल्याचे कॅमेऱ्यातील चित्रण प्रसिद्ध झाले, तेव्हा खाजगी पाळणाघरांना परवाना असावा की नाही, ही चर्चा राज्यभर झाली. पुढे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खाजगी खेळशाळांसाठी केलेल्या तत्त्वांत दर वीस मुलांमागे एक शिक्षिका व एक सांभाळणारी स्त्री असे प्रमाण घालून दिले; ती तीन ते सहा वर्षे वयापुरती आहेत. बोलता न येणारे, म्हणजे सर्वांत असहाय, मूल त्यांच्या बाहेर राहिले.

अन्य देशांतील अनुभव येथे उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये १९४८ पासूनच मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीची व जागेची नोंदणी आवश्यक आहे. आई कोठे काम करते, याच्याशी तिचा संबंध नाही. २००६ च्या बालसंगोपन अधिनियमाखालील सूट-आदेशाने मात्र आईवडील त्याच आवारात किंवा लगत असतील व मूल दिवसास चार तासांहून अधिक ठेवले जात नसेल, तर नोंदणीतून सूट दिली आहे. दुकानातील व क्रीडागृहातील सोयींनाच ती लागू पडते. अमेरिकेतही, परवाने राज्यांच्या हाती असले, तरी आईवडील आवारात असल्यास अनेक राज्ये परवान्यातून सूट देतात. काही राज्ये तिला वेळेची मर्यादा व आईवडिलांना तत्काळ बोलावता येण्याची अट जोडतात. म्हणजे तेथे ग्राहकाच्या मुलासाठीची जागा ही नियमाला केलेला जाणीवपूर्वक अपवाद आहे. आपल्याकडे मूळ नियमच नसल्यामुळे अपवाद कशाला करावयाचा, हा प्रश्न येतो.

परवान्याविषयी एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल. वसाहतीत दहा मुले सांभाळणाऱ्या विधवा वा निवृत्त स्त्रीला अग्निशमन प्रमाणपत्र, स्वतंत्र प्रवेशद्वार, कॅमेरे व प्रशिक्षित परिचारिका यांची पूर्तता करणे अशक्य होईल. ती पाळणाघर बंद करील आणि मुले पुन्हा थोरल्या बहिणीच्या कडेवर जातील. संकुलातील मोठ्या मालकास या अटी जड नाहीत, पण त्याला त्या लावणारा कायदा नाही. दोघांना एकच माप लावणे अन्यायाचे ठरेल. घरगुती पाळणाघरास महानगरपालिकेकडील साधी नोंद, मुलांच्या संख्येची मर्यादा व वर्षातून एखादी भेट, तर व्यापारी आवारातील सोयीस मूल घेतल्याची व परत दिल्याची नोंदवही, वेळेची मर्यादा आणि जबाबदार व्यक्तीचे नाव, इतके तरी वेगळे करता येण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारी यंत्रणा अगदीच नवी उभारावी लागणार नाही. दोन्ही शहरांत महापालिकेचा आरोग्य व अग्निशमन विभाग आहे आणि जिल्ह्यात महिला व बालविकास अधिकारी व बाल संरक्षण कक्ष आहे. त्यांपैकी कोणाकडे हे काम सोपवावे, हे राज्यस्तरावरील कायद्यानेच ठरू शकते. कारण मुलांच्या सांभाळाचा धंदा आजवर कोणत्याही एका खात्याच्या कक्षेत आलेला नाही. कामगार खाते त्यास आईची सोय समजते, शिक्षण खाते शाळापूर्व वर्ग समजते व महापालिका दुकान समजते.